ड्रॉइंगची मागणी, मशीनची ऐपत

१९७९ च्या एप्रिलमध्ये ‘आसाही’ या जपानी दैनिकात सोनीच्या रंगीत टीव्हीविषयी एक बातमी आली. सोनीचे संच तेव्हा दोन ठिकाणी बनत होते, जपानमध्ये आणि अमेरिकेत सॅन दिएगोला. डिझाइन एकच, टॉलरन्सही एकच. तरी अमेरिकी गिऱ्हाइकाची पसंती जपानमध्ये बनलेल्या संचाला होती. रंगाच्या गडदपणाची मापे तपासली तर उलटेच चित्र दिसले. सॅन दिएगोहून मर्यादेबाहेरचा एकही संच बाहेर पडत नव्हता, आणि जपानच्या कारखान्यातून मात्र हजारी तीनेक संच मर्यादेबाहेरचे निघत होते. रिजेक्शनचा आकडा पाहिला तर अमेरिकी कारखाना सरस ठरायला हवा होता.

खरा फरक मर्यादेच्या आत दडला होता. जपानी संचांपैकी बहुतेकांची मापे मधल्या आदर्श आकड्याजवळ होती आणि टोकाकडे जाताना संख्या झपाट्याने घटत होती. सॅन दिएगोच्या संचांची मापे या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच पसरली होती. तिथे मर्यादेबाहेरचा संच अडवला जाई, पण मर्यादेला टेकलेला संच ‘ओके’ होऊन दुकानात पोहोचे. पुढे जपानी अभियंते गेनिची तागुची यांनी हे उदाहरण जगभरच्या अभियंत्यांसमोर मांडले.

संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचा, म्हणजे एसक्यूसीचा, अभ्यास इथूनच सुरू करणे सोयीचे. तपासणी चांगला माल आणि वाईट माल वेगळा करते, पण वाईट माल का झाला हे सांगत नाही. ते कळायला दोन प्रश्न विचारावे लागतात. ही प्रक्रिया आपली आपण किती हलते? आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या जागेत ती हालचाल मावते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रक्रियेकडून घ्यायचे असते, दुसऱ्यासाठी ड्रॉइंग उघडायचे असते. कारखान्यांत सर्रास दिसणारा घोळ म्हणजे हे दोन प्रश्न एकत्र कालवणे किंवा पहिला गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारणे. पुढच्या पानांतली सगळी सूत्रे आणि आलेख या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

पहिला प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने विचारला तो वॉल्टर शूहार्ट यांनी. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा अवाढव्य कारखाना होता. बेल टेलिफोनच्या जाळ्याला लागणारी उपकरणे तिथे बनत. टेलिफोनच्या तारांवरची काही उपकरणे जमिनीखाली बसवली जात. ती बिघडली की खोदकाम आले. त्यामुळे माल एकसारखा निघणे ही कंपनीची गरज होती. शूहार्ट मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, बर्कलीचे डॉक्टरेट. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एक टिपण दिले. ते जेमतेम पानभर होते आणि त्यातलीही तिसरा हिस्सा जागा एका साध्या आकृतीने व्यापलेली होती. कंट्रोल चार्टचा जन्म या कागदावर झाला.

१९३१ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात शूहार्ट वाचकाला एक साधा प्रयोग करायला सांगतात. ‘ए’ हे अक्षर लिहायचे, मग हुबेहूब तसेच दुसरे, मग तिसरे. हात तोच, पेन तेच, मनही लावलेले. तरी दोन अक्षरे तंतोतंत सारखी येत नाहीत. मात्र सगळी त्याच हाताची आहेत हे ओळखू येते. फरक असतोच, पण तो एका पट्ट्यात राहतो. मध्येच कोणी कोपराला धक्का दिला तर त्या वेळचे अक्षर या पट्ट्याबाहेर जाते.

यंत्रावरही तेच घडते. बारचा कडकपणा थोडा मागेपुढे असतो, स्पिंडलच्या बेअरिंगला किंचित ढिलाई असते, कूलंटचे तापमान बदलते, चकमध्ये पीस दर वेळी केसभर वेगळा बसतो. अशी बारीकसारीक कारणे कायम हजर असतात आणि एकेकट्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. शूहार्टनी त्यांना योगायोगाची कारणे म्हटले. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग त्यांना सामान्य कारणे म्हणत. इन्सर्टची कड उडणे, मालाचा लॉट बदलणे, लोकेटरवर चिप अडकून जॉब तिरका बसणे ही निराळी जात झाली. ही विशेष कारणे शोधता येतात, त्यांना तारीख-वेळ असते आणि ती तिथल्या तिथे दूर करता येतात. कंट्रोल चार्टचे काम एवढेच, की समोरचा फरक यांपैकी कोणत्या जातीचा आहे याचा कौल द्यायचा.

हा कौल कसा मिळतो ते एका उदाहरणात जवळून पाहण्यासारखे आहे. सीएनसी लेथवर एक पिन बनते आहे. ड्रॉइंगवर व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणे २५ मायक्रॉन. दर तासाला लागोपाठ निघालेले पाच पीस उचलायचे, मायक्रोमीटरने मोजायचे, पाचांची सरासरी काढायची आणि सर्वांत मोठ्या मापातून सर्वांत लहान वजा करून रेंज काढायची. असे पंचवीस गट झाले की हिशेब मांडायचा. समजा, सगळ्या सरासऱ्यांची सरासरी २५.०१० मिलिमीटर आली आणि रेंजची सरासरी ११.६ मायक्रॉन. पाचाच्या गटासाठी रेंजला २.३२६ ने भागले की प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा, मिळतो: ५ मायक्रॉन. सरासरीच्या चार्टवरच्या नियंत्रण मर्यादा ०.५७७ गुणिले ११.६ या हिशेबाने मध्यरेषेच्या वर-खाली ६.७ मायक्रॉनवर पडतात.

या आकडेमोडीत ड्रॉइंगवरचे २५ मायक्रॉन कुठेही आले नाहीत, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. नियंत्रण मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या वागण्यातून निघतात. गिऱ्हाइकाने उद्या टॉलरन्स निम्मा केला तरी त्या जागच्या हलणार नाहीत. म्हणूनच सरासरीच्या चार्टवर ड्रॉइंगच्या मर्यादा लाल शाईने आखण्याची काही ठिकाणची पद्धत घातक ठरते. पाच पिसांची सरासरी मर्यादेच्या आत आहे म्हणून पाचही पीस आत असतीलच असे नाही.

मर्यादा तीन सिग्मावरच का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. प्रसामान्य वितरणात तीन सिग्माच्या आत ९९.७३ टक्के मापे येतात हे उत्तर अर्धवट आहे. शूहार्टचा विचार व्यवहारी होता. मर्यादा फार जवळ आखल्या तर नसलेल्या कारणाच्या शोधात माणसे धावत राहतात. फार दूर आखल्या तर खरे कारण नजरेतून सुटते. दोन्ही चुकांची किंमत मोजावी लागते आणि तीन सिग्माला त्यांचा मेळ बरा बसतो, असा त्यांचा अनुभवसिद्ध निवाडा होता. त्यांच्या पुस्तकाच्या नावात ‘आर्थिक’ हा शब्द आहे तो यासाठी.

यांतली पहिली चूक कारखान्यात रोज घडते, आणि तीही मेहनती माणसाच्या हातून. ऑपरेटर पीस मोजतो, माप ५ मायक्रॉन जास्त येते, तो ऑफसेट ५ ने कमी करतो. पुढचा पीस ४ ने कमी येतो, तो ऑफसेट ४ ने वाढवतो. बघणाऱ्याला वाटते, काय लक्ष आहे कामावर! प्रत्यक्षात प्रक्रिया स्थिर असताना दर पिसामागे अशी दुरुस्ती केली तर विचलनाचा वर्ग दुप्पट होतो, म्हणजे सिग्मा ४१ टक्क्यांनी वाढतो. वरच्या पिनेचा सिग्मा ५ मायक्रॉनवरून ७ च्या पुढे जाईल आणि यात मशीनचा काहीच दोष नसेल. डेमिंग आपल्या व्याख्यानांत हेच नरसाळे आणि गोटी घेऊन दाखवत. प्रयोगाची मूळ कल्पना लॉइड नेल्सन यांची. टूल झिजत जाऊन माप एका दिशेने सरकत असेल तर ऑफसेट द्यावाच लागतो. पण तो कधी आणि किती द्यायचा हे चार्टवरचा कल पाहून ठरवायचे, एका पिसावरून नव्हे.

प्रक्रिया स्थिर आहे असे चार्टने सांगितले की मगच दुसरा प्रश्न विचारण्यात अर्थ असतो. पिनेसाठी ड्रॉइंगने दिलेली एकूण जागा ५० मायक्रॉन. प्रक्रियेचा पसारा सहा सिग्मा, म्हणजे ३० मायक्रॉन. ५० भागिले ३० म्हणजे १.६७, हा झाला सीपी. जागा ऐसपैस आहे, मशीनची ऐपत आहे. पण सरासरी २५.००० वर नाही, २५.०१० वर आहे. वरच्या मर्यादेपर्यंत फक्त १५ मायक्रॉन उरतात आणि तीन सिग्माही १५ च आहे. १५ भागिले १५ म्हणजे १.००, हा झाला सीपीके. वितरण प्रसामान्य असेल तर दहा लाखांत साधारण १,३५० पिना जाड निघतील.

सीपी आणि सीपीके हे दोन आकडे शेजारी ठेवले की काय करायचे ते कळते. सीपी चांगला आणि सीपीके वाईट असेल तर दुखणे सेटिंगचे आहे. इथे १० मायक्रॉनचा ऑफसेट दिला की काम भागते, खर्च शून्य. सीपीच एकाच्या खाली असेल तर सेटिंग कितीही फिरवा, काही ना काही बाहेर पडणारच. तिथे फिक्श्चर, टूल, बेअरिंग, मालाचा दर्जा किंवा कामाची रीतच बदलावी लागते. नाहीतर हा टॉलरन्स खरेच लागतो का, अशी डिझाइनवाल्यांशी चर्चा करावी लागते. ऑपरेटरला मेमो देऊन सीपी वाढत नाही.

हॉथॉर्नच्याच मुशीत तयार झालेल्या जोसेफ जुरान यांनी टॉलरन्स आणि पसारा यांचे गुणोत्तर रूढ केले, सीपीके जपानी कारखान्यांतून आला आणि १९८६ मधल्या व्हिक्टर केन यांच्या लेखानंतर अमेरिकी वाहन उद्योगात दोन्ही घरोघरी झाले. त्याच सुमारास मोटोरोलात बिल स्मिथ यांनी सिक्स सिग्माची मांडणी केली. दहा लाखांत ३.४ दोष हा तिचा प्रसिद्ध आकडा. सरासरी कालांतराने दीड सिग्मा सरकते असे गृहीत धरूनच तो येतो. सरासरी मधोमध राहिली तर सहा सिग्माच्या बाहेर अब्जात दोनच पीस जातील. दीड सिग्माचे हे गृहीतक सगळ्या प्रक्रियांना सरसकट का लावावे, यावर संख्याशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आक्षेप घेतले आहेत.

आज पुण्या-नाशिकच्या कोणत्याही ऑटो व्हेंडरला सीपीके ओळखीचा असतो, कारण नव्या पार्टच्या मंजुरीसाठी द्यायच्या पीपॅप फाइलमध्ये तो भरावा लागतो. सुरुवातीच्या अभ्यासात १.६७ च्या वर आकडा हवा, १.३३ च्या खाली चालत नाही, असा दंडक. दंडक आला की पळवाटाही आल्या. तीस बरे पीस निवडून मोजायचे, आकडा बसला नाही तर दोन ‘चुकीची’ मापे काढून टाकायची, फाइल पाठवून द्यायची. अशा फाइलमधला सीपीके त्या तीस पिसांचा असतो. प्रक्रियेबद्दल तो काहीच सांगत नाही. लबाडी बाजूला ठेवली तरी तीस पीस थोडेच पडतात. प्रामाणिकपणे काढलेल्या १.३३ या आकड्यामागचा खरा सीपीके ९५ टक्के खात्रीने सांगायचा तर साधारण ०.९७ ते १.६९ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. दशांशानंतरच्या दोन अंकांवरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्याआधी हे ध्यानात असलेले बरे.

सूत्र फसते अशी आणखी एक जागा आहे. सपाटपणा, रनआउट यांसारखी मापे शून्याच्या खाली जाऊच शकत नाहीत. त्यांचे वितरण एका बाजूला झुकलेले असते आणि त्यांना घंटेच्या आकाराचे सूत्र लावले तर आकडा दिशाभूल करतो. हिस्टोग्राम न पाहता सॉफ्टवेअरने दिलेला सीपीके उतरवून घेण्याची सवय इथे महागात पडते.

आणि हे सगळे ज्या मापांवर उभे आहे, ती मापे तरी खरी का? पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. लांबीची मापे २० अंशांना धरायची, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ३५ अंशांवर असलेला १०० मिलिमीटरचा शाफ्ट वातानुकूलित खोलीतल्या मापापेक्षा १७ मायक्रॉन लांब भरेल. वर पिनेचा अख्खा सिग्मा ५ मायक्रॉन होता हे आठवले की या १७ चे वजन कळते. मोजणारी माणसे बदलली की मापे बदलतात का, तोच माणूस तोच पीस पुन्हा मोजताना तेच माप सांगतो का, हे आधी तपासावे लागते. मोजण्यातला फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असला तर उत्तम आणि ३० टक्क्यांच्या वर गेला तर ते गेज त्या कामाला निरुपयोगी, असा उद्योगातला संकेत आहे. म्हणून मापन-पद्धतीचा अभ्यास क्षमतेच्या आधी येतो.

हा विषय फक्त लेथवाल्यांचा आहे असे वाटू नये, म्हणून दुधाच्या पिशवीचे उदाहरण. पॅकबंद मालाच्या भारतीय नियमांप्रमाणे ५०० मिलिलिटरच्या पिशवीत १५ मिलिलिटरपर्यंतची तूट चालवून घेतली जाते. मात्र पिशव्यांची सरासरी ५०० च्या खाली जाता कामा नये. समजा, एका डेअरीच्या भरण-यंत्राचा सिग्मा ८ मिलिलिटर आहे. जवळपास प्रत्येक पिशवी ४८५ च्या वर राहायची तर तीन सिग्मा, म्हणजे २४ मिलिलिटर, वर जाऊन यंत्र ५०९ वर लावावे लागेल. झडपा, दाब आणि फेस यांवर काम करून सिग्मा ५ वर आणला तर तेच यंत्र ५०० वर चालेल. दिवसाला लाख पिशव्या भरणाऱ्या डेअरीत रोजचे ९०० लिटर दूध वाचले. गिऱ्हाइकाचे काही गेले नाही, नियमही मोडला नाही.

भारताला ही विद्या उशिरा मिळाली असेही नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट स्वतः १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेले. डेमिंग यांची टोकियोतली गाजलेली व्याख्याने १९५० ची, म्हणजे त्यानंतरची. महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेने १९५३ मध्ये एसक्यूसीचे पहिले केंद्र काढले ते मुंबईत. पण परमिट-लायसन्सच्या त्या काळात जे बनेल ते खपत होते. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबणाऱ्या गिऱ्हाइकासाठी पसारा कमी करण्याची घाई कोणाला असणार? जपानमध्ये मात्र त्या व्याख्यानांच्या छापील प्रतींचे मानधन डेमिंगनी तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेला दिले आणि त्यातून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झाले. ते भारतात यायला १९९८ उजाडले. चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने ते मिळवले. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला ते मिळाले. कांदिवली आणि नागपूरला ट्रॅक्टर बनवणारा हा विभाग हे पारितोषिक मिळवणारा जगातला पहिला ट्रॅक्टर-उत्पादक होता.

मोठ्या कंपन्यांनी वाट मळवली, पण तिचा लाभ दहा-वीस मशीनच्या कारखान्यांपर्यंत पुरता पोहोचलेला नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा भोसरीच्या मशीन शॉपमध्ये चार्ट भिंतीवर लागतो तो बहुधा ऑडिटच्या आठवड्यात. त्यावरचे ठिपके ऑफिसात बसून घातलेले असतात, म्हणूनच ते इतके शिस्तीत दिसतात. या विषयाला लागणारे गणित बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ यांपलीकडे फारसे जात नाही. आयटीआय झालेला मुलगा ते आठवड्यात आत्मसात करतो. अवघड जाते ते आलेल्या मापाला हात न लावता ते जसेच्या तसे कागदावर मांडणे आणि त्यातून जे दिसेल ते वरिष्ठांनी न रागावता ऐकणे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे: आधी मापन, मग चार्ट आणि स्थिरता, शेवटी क्षमता. घाईच्या वाचकाला शेवटचे प्रकरण आधी वाचण्याचा मोह होईल, कारण गिऱ्हाइकाने मागितलेला आकडा तिथे आहे. त्याने तसे न करता आपल्याच कारखान्यातले एक त्रासदायक माप निवडावे. गेज तपासून घ्यावे. पाच-पाच पिसांचे पंचवीस गट मोजून ठिपके पेन्सिलीने हातानेच काढावेत आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी त्या तासाला काय झाले ते लिहावे: इन्सर्ट बदलला, लॉट बदलला, लाइट गेली, पाळी बदलली. मर्यादेबाहेर गेलेल्या प्रत्येक ठिपक्याचे कारण सापडून ते दूर झाल्यावरच सीपीकेचे प्रकरण उघडावे.